डॅम्पिंग रिंग नीट चालत असताना तिच्या अपग्रेडची आखणी आधीपासून का करतात, आणि त्यात पहिलं काय बघावं?

प्रश्न वाचला आणि हातातलं काम टाकून लिहायला बसले. (डॅम्पिंग रिंग म्हणजे टक्कर घडवण्याआधी कणांचा झोत फिरवून फिरवून बारीक करणारी गोल मशीन.) मुंबईतल्या एका प्रयोगशाळेत मी २६ वर्षं व्हॅक्यूमचं काम केलं. "पहिलं काय बघावं" यावरूनच माझं आमच्या साहेबांशी बिनसलं, ते त्यांच्या निवृत्तीपर्यंत तसंच राहिलं.

आधी पाइप बघा, म्हणजे बीम (कणांचा झोत) ज्यातून धावतो ती हवा काढलेली नळी, चेंबर. चुंबक नंतर.

आमच्याकडे बीमलाइन वाढवायची ठरली. फायलीत चुंबक होते, पॉवर सप्लाय होते, केबल, क्रेन, सगळं होतं. चेंबरबद्दल एकच ओळ: "आहे तोच वापरावा." मी बैठकीत म्हटलं, लाइन उघडली की बेकिंगला (चेंबर तापवून आत चिकटलेलं पाणी घालवायला) आणि गळती शोधायला निदान तीन आठवडे धरा. साहेब म्हणाले, "पाइपाला काय होतंय, मॅडम?" आणि तारीख धरली जुलैची. मुंबईच्या जुलैत चार दिवस आमचा चेंबर उघडा पडला होता. स्टीलच्या आतल्या भिंतीवर पाण्याचा थर बसतो, तो डोळ्यांना दिसत नाही, आणि पंप लावला की दिवसेंदिवस सुटत राहतो. तारीख गाठायची म्हणून बेकिंग गाळलं. १०⁻⁹ मिलीबार हवं होतं, दाब १०⁻⁷ च्या खाली उतरेना.

एवढं पाण्याचंच असेल असं मला वाटेना. फिटर मामा आणि मी हेलियम घेऊन रात्रभर बसलो. पंखे बंद, कारण वाऱ्याने हेलियम भलतीकडे जातो आणि चांगल्या जोडावर गळती दाखवतो. तो हलका, वर चढतो, म्हणून वरच्या फ्लँजपासून (पाइप जोडायच्या कडीपासून) सुरुवात करून खाली यायचं. मामा नळीचं टोक एका जोडाभोवती फिरवायचे, थांबायचे, डिटेक्टरकडे बघायचे, मगच पुढे. पहाटे चारच्या सुमारास एका फ्लँजवर डिटेक्टर ओरडला. उघडलं तर तांब्याच्या गॅस्केटवर (जोडातल्या सीलच्या चकतीवर) फ्लँजच्या धारेची दोन वर्तुळं, एकमेकांपासून केसभर सरकलेली. वापरलेलं गॅस्केट परत लावलं होतं! नवीन मागवलेलीच नव्हती, कारण फायलीत त्यांची ओळच नव्हती. मग गॅस्केट आणा, हीटिंग टेप गुंडाळा, वर फॉइल, १५० अंशांवर बेक करा. पाच आठवडे गेले. अहवालात लिहिलं गेलं, "व्हॅक्यूम विभागामुळे विलंब." ते वाक्य मला आजही सहन होत नाही.

आता तुमची रिंग. स्टॅनफर्डच्या एसएलसी या कणांची टक्कर घडवणाऱ्या यंत्रात १.१९ जीईव्हीच्या (जीईव्ही हे ऊर्जेचं एकक) दोन डॅम्पिंग रिंग होत्या. तिथे बंचमधले (बीममधल्या एका झुबक्यातले) कण वाढवायला गेले की बंच लांबायचा, अस्थिर व्हायचा. मूळ दुखणं पाइपातल्या पायऱ्या, बेलोज (लवचिक घड्यांचे जोड), खाचा यांचं होतं. १९९४ च्या सुमारास आतून गुळगुळीत चेंबर बसवले. अस्थिरता पुरती गेली नाही, पण तिचा जोर ओसरला. पॉझिट्रॉनच्या (इलेक्ट्रॉनच्या धन भाराच्या जुळ्याच्या) रिंगमध्ये तर भिंतच शत्रू होते. वळणाऱ्या बीमचा प्रकाश पडला की भिंतीतून इलेक्ट्रॉन सुटतात आणि त्यांचा ढग बीमला बिघडवतो. कॉर्नेलला २००८ पासून सीझर-टीए या चाचणी-रिंगवर नेमका हाच अभ्यास झाला: टायटॅनियम नायट्राइडचा लेप, खाचांच्या भिंती, विगलरमध्ये (बीमला नागमोडी हलवणाऱ्या चुंबकांत) इलेक्ट्रोड. ही सगळी पाइपाचीच कामं.

आधीपासून का आखतात? बोगदा एकदा खणला की रुंद करता येत नाही. आयएलसी या प्रस्तावित टक्कर-यंत्राच्या २०१३ च्या आराखड्यात ३.२ किलोमीटर परिघाच्या बोगद्यात दोन रिंग आहेत. बंचची संख्या १३१२ वरून दुप्पट करायची झाली आणि ढग आवरला नाही, तर पॉझिट्रॉनची दुसरी रिंग बसावी म्हणून तिसऱ्या रिंगची जागा आधीच राखली आहे. याला मी आखणी म्हणते. आपल्या कुलाब्याची टाटा मूलभूत संशोधन संस्था बेल-२ प्रयोगात आहे. त्याला बीम देणाऱ्या सुपरकेईकेबीतही पॉझिट्रॉनसाठी १.१ जीईव्हीची डॅम्पिंग रिंग अपग्रेडमध्येच आली. आधीच्या केईकेबीला ती नव्हती.

पुढे चालवण्याचं म्हणाल, तर नवा चेंबर बसवल्या दिवशी रिंग तयार होत नाही. बीम फिरवून फिरवूनच त्याच्या भिंती साफ होतात, तोवर दाब चढलेला राहतो. हे दिवस वेळापत्रकात मोकळे धरावे लागतात. जो साहेब ते "वाया गेलेले" म्हणतो त्याला मशीन कळत नाही, माझं मत स्पष्ट आहे. आणि कुठला फ्लँज कधी उघडला, गॅस्केट कोणी घातलं, याची वही ठेवा. आमच्याकडे ती मामांच्या डोक्यात होती, ते गेले तशी गेली.

एक सांगायला हवं, मी स्वतः डॅम्पिंग रिंगवर काम केलेलं नाही, आमचं मशीन कमी ऊर्जेचं होतं. ऑप्टिक्सवाले (चुंबकांनी बीम वळवण्याची-एकवटण्याची आखणी करणारे) म्हणतील की उभी एमिटन्स, म्हणजे बीमचा उभ्या दिशेतला पसारा, चुंबकांच्या अलाइनमेंटवर ठरते, दहा-वीस मायक्रॉनचाही हिशेब लागतो. बरोबर आहे त्यांचं. पण त्यांचं पान फायलीतून कोणी गाळत नाही. तुम्ही कुठे रुजू झालात तर अपग्रेडची फाइल मागून घ्या आणि त्यात गॅस्केट किती धरलीत ते बघा.