गॅलरीत काहीच आवडलं नाही, म्हणजे मी अडाणी का?

‘आधुनिक चित्रांच्या प्रदर्शनाला गेलो. काही कळलं नाही, काही आवडलंही नाही. माझ्यातच काही कमी आहे का?’ एवढाच प्रश्न घेऊन समुपदेशकाकडे कुणी येत नाही. तो दुसऱ्या कशाच्या तरी आडून येतो. होणाऱ्या सासरी सगळे कलेतले, त्यांच्यात बसलं की तोंड उघडायची भीती वाटते, म्हणून ठरलेलं लग्नच नको म्हणणारी मुलगी येते. मित्रांच्या घोळक्यात ‘वा, काय खोली आहे!’ असं खोटं बोलून आलेला आणि त्याचाच त्रास करून घेणारा इंजिनिअर येतो. इथे मी एका वडिलांबद्दल लिहिते आहे. त्यांची परवानगी घेतली आहे आणि ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत.

काका पन्नाशी ओलांडलेले. कोल्हापूरच्या शिवाजी उद्यमनगरात त्यांचं छोटं वर्कशॉप आहे, फाउंड्रीला म्हणजे ओतकामाच्या कारखान्याला लागणारे लाकडी पॅटर्न ते बनवतात. वाळूत या पॅटर्नचा ठसा घेतात आणि त्यात वितळलेलं लोखंड ओततात. दहावीनंतर आयटीआय, मग दुसऱ्याच्या हाताखाली उमेदवारी, मग स्वतःचं शेड. मुलगी मुंबईत चित्रकला शिकते. तिनं हौसेनं आईवडिलांना एका प्रदर्शनाला नेलं. सोबत तिच्या मैत्रिणी होत्या, एक शिक्षकही होते. जवळजवळ पूर्ण करड्या रंगाच्या एका मोठ्या कॅनव्हाससमोर काका थांबले आणि मोठ्यानं म्हणाले, ‘हे शाळेत काढलं असतं तर मास्तरांनी पाठ फोडली असती आमची.’ मैत्रिणी हसल्या. शिक्षकही हसले. मुलीचा चेहरा पडला. परतीच्या महालक्ष्मी एक्स्प्रेसमध्ये काकू मिरज येईपर्यंत एक शब्द बोलल्या नाहीत. मुलीचे फोन आईलाच येऊ लागले आणि ‘पप्पांना दे’ हे वाक्य त्यातून गेलं.

‘मिसेसनी पाठवलंय मला,’ काका खुर्चीत बसायच्या आधीच म्हणाले. ‘पण खरं सांगू का मॅडम, मी काय चुकीचं बोललो? एक तर त्यातलं काय कळंना, आणि कळंना म्हटलं की लोक आपल्याकडं असं बघत्यात की आपण काय गुन्हाच केला.’

त्या ‘असं बघत्यात’वर मी थांबले. कोण बघत होतं, मी विचारलं. त्यांनी आठवून पाहिलं. वाक्य बोलून होईपर्यंत खरं तर कुणीच बघत नव्हतं. लोक आपापल्या चित्रासमोर होते. पण आत शिरल्यापासूनच काकांना वाटत होतं की ही पांढरी भिंत, ही शांतता, इंग्रजीत लिहिलेल्या त्या पट्ट्या, सगळं आपल्याला तोलतंय. त्यातून सुटका म्हणून तो विनोद बाहेर पडला. लाज वाटते तेव्हा आपण एक तर गप्प होतो, नाही तर टर उडवतो. बोलक्या माणसाला दुसरं सोपं जातं.

चित्र न आवडणं ही तक्रार नाही, त्यावर उपचार लागत नाहीत. पण ‘मला हे आवडलं नाही’ या वाक्याला मनात लगेच दुसरं वाक्य येऊन चिकटतं: ‘म्हणजे मी अडाणी.’ ते इतकं पटकन येतं की वेगळं दिसतच नाही. मग माणूस चित्रावर चिडतो, चित्रकारावर चिडतो, नेणाऱ्यावर चिडतो. ही दोन वाक्यं सुटी करणं एवढंच सुरुवातीचं काम असतं. काकांना ती सुटी करायला वेळ लागला, कारण त्यांच्या रागाला आणखी एक कारण होतं आणि ते अगदी रास्त होतं.

दुसऱ्या भेटीत त्यांनी मोबाइल पुढे केला. भिंतीला टेपनं चिकटवलेलं केळं. मॉरिझिओ कातेलान या इटालियन कलावंताची ही कृती 2019 मध्ये मायामीच्या कलामेळ्यात 1 लाख 20 हजार डॉलरला विकली गेली आणि 2024 च्या नोव्हेंबरमध्ये न्यूयॉर्कच्या लिलावात तिला सुमारे 62 लाख डॉलर मिळाले. ‘आता बघा,’ काका म्हणाले, ‘मी एका पॅटर्नला चार दिवस घालवतो. पॉलिश पेपर मारून मारून अंगठ्याला घट्टा पडलाय. दर सांगितला की गिऱ्हाईक म्हणतंय, लाकडाचंच तर आहे, कमी करा. आणि हिकडं केळ्याला कोटी!’ त्यांनी अंगठा दाखवला. खरंच, बोटाच्या कडेला चिंचोक्याएवढी कडक, पिवळट कातडी होती.

हा राग चित्रकलेवरचा नाही, कष्टाची किंमत कोण ठरवतं यावरचा आहे, आणि तो मी जरासुद्धा कमी करायला गेले नाही. कलाबाजारातले आकडे पाहून हाताने काम करणाऱ्याला अपमान वाटावा यात नवल काय? त्या केळ्याकडे कलाकृती म्हणून पाहणाऱ्यांतही अनेकांचं म्हणणं हेच आहे की ती बाजारावरच बोट ठेवते. मी ते काकांना सांगितलं. ते म्हणाले, ‘मग बोट ठेवून त्यानं पैसे का घेतले?’ याचं उत्तर माझ्याकडे नव्हतं. मात्र मुलगी जे शिकते आहे ते आणि ते केळं एकच नाही, हे त्यांना मान्य झालं.

मग आम्ही त्यांच्या डोळ्याबद्दल बोललो. आपण कोल्हापूरची माणसं. आबालाल रहिमान यांचे निसर्गदेखावे, बाबूराव पेंटर यांची व्यक्तिचित्रं, सिनेमाचे रंगवलेले पडदे आणि पोस्टर, तालमीत लावलेले पैलवानांचे फोटो आणि तसबिरी, यांत आपली नजर वाढली. ‘चित्र कसं, आता बोलंल असं पाहिजे’ ही इथली कसोटी आहे. तिच्यामागे पिढ्यान्पिढ्यांचा सराव आहे. त्या कसोटीनं करडा कॅनव्हास पाहिला तर हाती काहीच लागणार नाही. तिथे हुबेहूब काढायचं ठरवलेलंच नव्हतं. कॅमेरा 1839 मध्ये लोकांपुढे आला, हुबेहूबपणाचं बरंच काम तो करू लागला आणि चित्रकार दुसऱ्या वाटा शोधू लागले. पॅरिसमध्ये 1874 साली क्लोद मोनेचं सूर्योदयाचं चित्र पाहून एका टीकाकारानं जी टर उडवली, त्यातूनच त्या शैलीला इम्प्रेशनिझम हे नाव मिळालं. चित्राची टिंगल करणारे काका काही पहिले नव्हेत.

मी विचारलं, ‘तुमचा पॅटर्न बाहेरच्या माणसाला कसा दिसतो?’

ते हसले. ‘ठोकळा दिसतो. गिऱ्हाइकाचं पोरगं एकदा म्हणालं, हे तर ड्रॉइंगसारखं नाहीच.’ मग ते खुलले. ओतलेला लोखंडी जॉब थंड होताना आकसतो, म्हणून पॅटर्न मापापेक्षा मोठा ठेवायचा, बिडाला साधारण शंभराला एक. वाळूतून अलगद निघावा म्हणून बाजूंना किंचित उतार द्यायचा. जॉब आतून पोकळ राहावा म्हणून साच्यात जो वाळूचा कोअर ठेवतात, तो बसवायला जे उंचवटे काढतात, ते तयार जॉबमध्ये कुठंच नसतात. ‘ज्याला हे म्हायती नाही त्याला ते चुकलेलंच वाटणार,’ ते म्हणाले. आणि गप्प झाले. मी काही जोडलं नाही.

त्यानंतर ते आपण होऊन त्या करड्या कॅनव्हासकडे वळले. ‘त्यात एक होतं मॅडम. रंग ब्रशचा नव्हता. चढवून परत काढलेला होता कशानं तरी. पत्र्यानं खरवडल्यागत.’ मी त्यांना चित्रकार वासुदेव गायतोंडे यांच्याबद्दल सांगितलं. नागपूरला 1924 मध्ये जन्मलेले, मुंबईच्या जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये शिकलेले, रोलरनं रंग चढवायचा, सुरीनं तो काढायचा, पुन्हा थर द्यायचा, अशी त्यांची पद्धत, आणि वर्षाकाठी मोजकीच चित्रं. ‘म्हणजे काम करत होता माणूस,’ काका म्हणाले. त्यांच्या तोंडी ही मोठी दाद होती. चित्र आवडलं असं मात्र ते म्हणाले नाहीत, आणि मी म्हणवून घेतलंही नाही.

‘हे तर माझं पोरही काढील’ या वाक्याबद्दलही सांगायला हवं, कारण ते फार ऐकू येतं. बोस्टनमधल्या दोन मानसशास्त्रज्ञांनी 2011 मध्ये एक प्रयोग प्रसिद्ध केला. नामवंत अमूर्त चित्रकारांची चित्रं आणि लहान मुलांनी, माकडांनी, हत्तींनी केलेली रंगकामं जोड्या लावून दाखवली. कलेचं शिक्षण नसलेल्यांनीही चित्रकाराचं चित्र नुसत्या अंदाजानं जमलं असतं त्यापेक्षा जास्त वेळा निवडलं. नेहमी नाही, पण जास्त वेळा. हेतू ठेवून केलेलं काम आपल्याला थोडंफार जाणवतं, आवडो न आवडो. काकांना जाणवलं होतंच. लाजेच्या गडबडीत ते बोलले दुसरंच.

थकव्याचाही भाग असतो, तो लोक विसरतात. न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन संग्रहालयातल्या एका पाहणीत लोक एका चित्रासमोर सरासरी 27 सेकंद थांबले. निम्म्या वेळा तर 17 सेकंदही नाही. अशी शंभर चित्रं ओळीनं बघून डोकं भणभणलं तर तो दोष बघणाऱ्याचा कसा? काकांना मी घरी करायला एकच काम दिलं. आमच्या राजारामपुरीत अभिनेते आणि चित्रकार चंद्रकांत मांडरे यांचं कलासंग्रहालय आहे. तिथे जायचं, सगळं बघायचं नाही. तीनच चित्रं निवडायची, प्रत्येकापुढे दहा मिनिटं थांबायचं. चांगलं की वाईट ते ठरवायचं नाही. नजर आधी कुठे गेली, मग कुठे, आणि काय खटकलं, तेवढं लक्षात ठेवायचं.

ते गेले आणि परत येऊन मांडऱ्यांच्या पावडर शेडिंगबद्दल, म्हणजे रंगाच्या भुकटीनं छटा देण्याच्या पद्धतीबद्दल, इतकं बोलले की आमचा वेळ संपला.

मुलीशी बोलायचं राहिलं होतं. माफी कशाची मागायची यावर आम्ही बराच वेळ घालवला. चित्र आवडलं नाही याची माफी मागायची काहीच गरज नव्हती, तशी मागितली असती तर तिलाही ती खोटी वाटली असती. तिच्या माणसांसमोर ती शिकते आहे त्या कलेची खिल्ली उडवली, त्याची मागायची होती. फोनवर त्यांनी ती तशीच मागितली आणि पुढे म्हणाले, ‘मला वाटलं, तू आता अशा ठिकाणी निघालीस की तिथं बापाला काही कळणार नाही.’ हे वाक्य मी शिकवलेलं नव्हतं. मुलगी रडली, मग म्हणाली की त्या प्रदर्शनातली अर्धी चित्रं तिलाही आवडली नव्हती, पण मैत्रिणींसमोर ती बोलली नाही.

दिवाळीत ती घरी आली तेव्हा शाहू स्मारक भवनात चित्रप्रदर्शन लागलं होतं. दोघं गेले. शेवटच्या भेटीत काकांनी त्याचा वृत्तांत दिला: दोन चित्रं बरी वाटली, एक अजिबात पटलं नाही, आणि का पटलं नाही यावर बापलेकीचं दसरा चौकातून घरापर्यंत भांडण झालं. घरी पोचल्यावरही ते चालूच होतं, काकूंनी ताटं वाढली तेव्हा थांबलं. पुढची वेळ घ्यायची का, मी विचारलं. ‘कशाला आता?’ काका म्हणाले, आणि जाता जाता मुलीला कॅनव्हास ताणायला लागणाऱ्या लाकडी चौकटी स्वतःच्या शेडमध्ये बनवून द्यायच्या आहेत, त्यासाठी सागवान की पाइन, याचा हिशोब सांगत राहिले.