‘कलर्ड’ला मराठीत काय म्हणायचं?

दादरच्या एका वाचक बाईंनी विचारलं आहे: “मुलगी पत्रकारिता शिकते. भाषांतराला जुनी बातमी आली होती. इंग्लंडच्या फुटबॉल असोसिएशनचे अध्यक्ष ग्रेग क्लार्क यांनी कृष्णवर्णीय खेळाडूंना ‘कलर्ड’ म्हटलं आणि त्यांना पद सोडावं लागलं. तिने आधी ‘रंगीत खेळाडू’ लिहिलं, मग खोडून ‘कृष्णवर्णीय’ केलं. आता वाक्य शुद्ध आहे, पण राजीनामा कशाबद्दल ते कळत नाही. आणि ‘ब्लॅक’ चालतं, मग ‘कलर्ड’ का नाही? ते तर जास्त सौम्य वाटतं.”

‘रंगीत’ खोडलं ते बरं केलं. ‘रंगेल’ लिहिलं नाही हेही नशीब, नाहीतर राजीनाम्याचं कारण भलतंच निघालं असतं. पण मुलीची अडचण खरी आहे. ‘कृष्णवर्णीय खेळाडूंना कृष्णवर्णीय म्हटल्यामुळे अध्यक्ष गेले’ या वाक्यावर कोणीही विचारेल, मग दुसरं काय म्हणायचं होतं?

आपल्या कानाचा हिशेब सरळ आहे: बोलीतला शब्द उघडा, संस्कृताकडे सरकलं की अंगभर कपडे. म्हातारा, वृद्ध, ज्येष्ठ नागरिक. आंधळा, अंध, दृष्टिहीन. लग्नाच्या बाजारात तर ‘काळी’ मुलगी अस्तित्वातच नसते. ती सावळी असते, गव्हाळ असते, अगदीच झालं तर निमगोरी. या हिशेबाने ‘काळा’ म्हणजे शिवी आणि ‘कृष्णवर्णीय’ म्हणजे सभ्यता. तोच हिशेब इंग्रजीला लावला की ‘ब्लॅक’ उद्धट वाटतं आणि ‘कलर्ड’ मवाळ. एके काळी तिकडेही तसंच वाटायचं. अमेरिकेत 1909 साली स्थापन झालेल्या नागरी हक्कांच्या सर्वांत जुन्या मोठ्या संघटनेच्या नावात ‘कलर्ड पीपल’ आहे आणि ते आजही बदललेलं नाही.

मग बिघडलं कुठे? मराठीत एका अनुस्वाराची गंमत आहे. बाळाचं ‘नाव ठेवतात’ आणि शेजाऱ्याला ‘नावं ठेवतात’. ‘कलर्ड’ हे गोऱ्यांच्या तोंडी सर्रास असलेलं नाव होतं. वेगळे डबे, वेगळे नळ, वेगळ्या शाळा यांच्या पाट्यांवर तोच सौम्य शब्द लिहिलेला असे. 1960च्या दशकात तिथल्या तरुण पिढीने तो झुगारला आणि गोऱ्यांच्या तोंडी हिणकस असलेला ‘ब्लॅक’ मुद्दाम उचलून अभिमानाने मिरवला. 1968च्या मेक्सिको ऑलिंपिकमध्ये पदक घेताना अमेरिकेचे कृष्णवर्णीय धावपटू टॉमी स्मिथ आणि जॉन कार्लोस यांनी काळे हातमोजे घातलेल्या मुठी उंचावल्या, त्या याच काळातल्या.

हे मुंबईकराला परकं वाटायचं कारण नाही. ‘हरिजन’ आठवा. अर्थाने पाहिलं तर याहून गोड शब्द सापडणार नाही. तरी 1938 साली मुंबईच्या विधानसभेत हा शब्द कायद्यात घालायला निघाले, तेव्हा बाबासाहेब आणि त्यांच्या स्वतंत्र मजूर पक्षाचे आमदार निषेध करून सभागृहाबाहेर पडले. हे नाव आम्ही घेतलेलं नाही, तुम्ही दिलेलं आहे, असं त्या विरोधाच्या मुळाशी होतं. आणि 1972 साली याच शहरातल्या तरुण कवी-लेखकांनी संघटना काढली तेव्हा अमेरिकेतल्या ब्लॅक पँथर या कृष्णवर्णीयांच्या संघटनेवरून नाव घेतलं, दलित पँथर. ‘ब्लॅक’च्या जागी ‘दलित’ बसवताना त्यांना कोश उघडावा लागला नाही. (पुढे 2018मध्ये केंद्राच्या माहिती व प्रसारण खात्याने वाहिन्यांना ‘दलित’ऐवजी ‘अनुसूचित जाती’ वापरण्याचा सल्ला दिला, त्यावर वादही झाला. नाव कोणी ठेवायचं हा तंटा इतक्या लवकर मिटत नाही.)

तेव्हा ‘ब्लॅक’ आणि ‘कलर्ड’ यांचं नातं ‘काळा’ आणि ‘कृष्णवर्णीय’ यांच्यासारखं नाही. ते ‘दलित’ आणि ‘हरिजन’ यांच्यासारखं आहे. मुलीला एवढं सांगितलं तरी अर्धं काम होईल.

बाकी शब्दाला पत्ताही असतो. दक्षिण आफ्रिकेत ‘कलर्ड’ हा 1950च्या लोकसंख्या नोंदणी कायद्याने ठरवलेला मिश्र वंशाचा वेगळा गट. क्रिकेटपटू बेसिल डॉलिव्हेरा त्यातले. ते इंग्लंडकडून खेळले, आणि त्यांची निवड दक्षिण आफ्रिकेच्या सरकारला खपली नाही म्हणून इंग्लंड संघाचा 1968-69चा तिथला दौराच रद्द झाला. त्या समाजातले बरेच लोक आजही स्वतःला ‘कलर्ड’ म्हणवतात. तोच शब्द लंडनच्या संसदीय समितीपुढे उच्चारला की अध्यक्षपद जातं.

क्लार्क यांच्या बाबतीत त्याच दिवशी गेलं, 10 नोव्हेंबर 2020. विचित्र भाग असा की ते त्या वेळी या खेळाडूंना समाजमाध्यमांवर होणाऱ्या शिवीगाळीबद्दलच बोलत होते. म्हणजे बाजू घ्यायला गेले आणि शब्दाने घात केला. चूक दाखवल्यावर माफीही मागितली. पण त्याच बैठकीत त्यांनी असंही सांगितलं होतं की असोसिएशनच्या आयटी विभागात दक्षिण आशियाई जास्त दिसतात, कारण करिअरच्या आवडी वेगवेगळ्या असतात. हे वाक्य हिंजवडी-ऐरोलीच्या बसमध्ये वाचलं तर हसू येईल. पण ‘कलर्ड’ ही एकटी घसरलेली पायरी नव्हती, जिनाच तसा होता, हे त्यावरून कळतं.

म्हणूनच आपल्या वर्तमानपत्रांचं लाडकं ‘जीभ घसरली’ मला अशा बातम्यांत खटकतं. जीभ घसरते म्हणजे बोलायचं एक होतं, निघालं दुसरं. योशिरो मोरी घ्या. टोकियो ऑलिंपिकच्या संयोजन समितीचे अध्यक्ष, जपानचे माजी पंतप्रधान, तेव्हा वय 83. बायका असल्या की बैठका लांबतात, अशा अर्थाचं फेब्रुवारी 2021मध्ये बोलले आणि नऊ दिवसांत पद सोडलं. त्यात एकही शब्द असभ्य नाही, भाषांतरालाही सोपा आहे. जीभ अगदी जागेवर होती. मत बाहेर आलं.

आणि आपण? वेस्ट इंडिजचा क्रिकेटपटू डॅरेन सॅमी याने 2020मध्ये सांगितलं की आयपीएलमधल्या हैदराबादच्या संघात त्याला ‘कालू’ म्हणायचे, आणि त्याला वाटायचं त्याचा अर्थ बलदंड घोडा. पुढे त्यातल्या एकाशी बोलल्यावर ते प्रेमाने म्हटलं होतं असं त्यानेच कळवलं. असेलही. लालबागच्या आमच्या चाळीच्या संघात एक वेगवान गोलंदाज होता, ‘काळ्या’. आम्हीही प्रेमानेच म्हणायचो. त्याचं खरं नाव मला त्याच्या लग्नपत्रिकेवर कळलं, ओळख होऊन अकरा वर्षांनी. तो आम्हाला काय म्हणायचा ते आठवून पाहिलं. नावानेच हाक मारायचा.

आता भाषांतर. ज्या बातमीचा विषयच एखादा शब्द असतो, तिथे तो शब्द भाषांतरित करू नये. ‘कलर्ड’ देवनागरीत तसाच ठेवावा, अवतरणात, आणि शेजारी एक छोटं विशेषण द्यावं. इतरत्र, जिथे बातमीदार स्वतःच्या तोंडाने बोलतो, तिथे ‘कृष्णवर्णीय’ खुशाल वापरावं. मराठी छापण्यात तो रुळलेला आहे.

‘राजीनामा’ मात्र मुलीने ठेवावाच. हिंदीत राज़ीनामा म्हणजे तडजोड, पद सोडण्याला तिकडे इस्तीफ़ा म्हणतात. आपल्याकडे जुन्या मुंबई इलाख्यात जमीन सोडणारा ‘राजीनामा’ लिहून द्यायचा आणि ती घेणारा ‘कबुलायत’. जमीन सोडणारे सगळे राजीखुशीने सोडत असतील असं नाही, पण कागदावर ‘राजी’ असे. क्लार्क आणि मोरी यांना हा शब्द चपखल बसतो.

तर वाक्य असं करता येईल: ‘खेळाडूंचा उल्लेख करताना “कलर्ड” हा, आता अवमानकारक मानला जाणारा, जुना शब्द वापरल्याने टीका झाल्यावर फुटबॉल असोसिएशनचे अध्यक्ष ग्रेग क्लार्क यांनी राजीनामा दिला.’ लांबलं आहे, कबूल. रकान्यात बसत नसेल तर ‘फुटबॉल असोसिएशन’चं ‘एफए’ करावं. ‘जुना’ काढू नये.