आरंभक की उत्प्रेरक?

प्रश्न असा आला आहे: प्लॅस्टिकनिर्मितीवरच्या मजकुराचे भाषांतर करताना बेंझॉइल पेरॉक्साइडसारख्या ‘फ्री रॅडिकल इनिशिएटर’ला ‘उत्प्रेरक’ म्हटले तर चालेल का?

नाही. ‘आरंभक’ म्हणा. उत्प्रेरक अभिक्रियेचा वेग वाढवतो आणि शेवटी होता तसा परत मिळतो. आरंभक खर्ची पडतो. बेंझॉइल पेरॉक्साइड तापवले की त्यातल्या दोन ऑक्सिजन अणूंमधला कमकुवत बंध तुटतो, बंधातले दोन इलेक्ट्रॉन दोन्हीकडे एकेक वाटले जातात आणि दोन मूलके (रॅडिकल, म्हणजे जोडीदाराविना एकटा इलेक्ट्रॉन असलेले तुकडे) तयार होतात. मूलक स्टायरिनच्या (ज्यापासून पॉलिस्टायरिन हे प्लॅस्टिक बनते त्या द्रव्याच्या) रेणूला जाऊन चिकटते, तिथून रेणूला रेणू जोडत साखळी वाढू लागते आणि तो तुकडा साखळीच्या टोकाला कायमचा राहतो. जो तयार मालाचाच भाग होऊन बसला, त्याला उत्प्रेरक कसे म्हणायचे?

कामाच्या जागी मात्र त्याला सर्रास ‘कॅटॅलिस्ट’ म्हणतात. फायबरग्लासच्या कामात पॉलिएस्टर रेझिनमध्ये मिथिल इथिल कीटोन पेरॉक्साइड घालतात. त्याला ‘हार्डनर’ही म्हणतात. जोडीला कोबाल्टचा क्षार असतो, तो पेरॉक्साइडला नेहमीच्या तापमानालाच फोडतो. ही दोन द्रव्ये थेट एकमेकांत ओतली तर भडका उडू शकतो. सूचनापत्रकात दोन्हींना ‘उत्प्रेरक’ लिहिणे म्हणूनच मला धोक्याचे वाटते. पेरॉक्साइड तो आरंभक, कोबाल्ट तो त्वरक. हा भेद शब्दात दिसलाच पाहिजे.

‘मूलक’ हा पर्याय मला फार आवडतो. ‘रॅडिकल’च्या मुळाशी लॅटिन ‘राडिक्स’ आहे, म्हणजे मूळच. संयुगात बांधलेल्या अणुगटाला पूर्वी मूलक म्हणत. तो सुटा झाला की ‘मुक्त’. असे सुटे मूलक असू शकते हे मोझेस गोम्बर्ग यांनी १९०० साली दाखवले.

फक्त ‘मुक्तमूलक’ असे जोडून लिहू नका. समासाच्या शेवटी आलेला ‘मूलक’ मराठीत निराळेच बोलतो: अज्ञानमूलक म्हणजे अज्ञानातून उपजलेले. ‘मुक्त मूलक’ सुटे लिहिले की घोटाळा टळतो.

काहीजण ‘मूलकजनक’ सुचवतात. शब्द चुकीचा नाही, पण त्यात साखळी सुरू करण्याचे काम दिसत नाही. आरंभक हे कामाचे नाव आहे, पदार्थाच्या जातीचे नव्हे. तेच बेंझॉइल पेरॉक्साइड मुरुमांच्या मलमात जिवाणू मारते. तिथे त्याला आरंभक म्हणू नये, नुसते नाव लिहावे.