नागपूरच्या मिहानमधल्या आयटी कंपनीत नाईट शिफ्ट लावली आहे, घरचे नको म्हणतात. नकार देता येतो का?

हो, देता येतो. महाराष्ट्र दुकाने व आस्थापना कायदा, 2017 नुसार रात्री 9.30 ते सकाळी 7 या वेळेत महिलेच्या संमतीशिवाय तिला कामाला लावता येत नाही. 20 किंवा जास्त कामगार असलेल्या आस्थापनांना हे लागू आहे (2025 च्या दुरुस्तीआधी ही मर्यादा 10 होती). संमती दिली तरी सुरक्षितता आणि घराच्या दारापर्यंत गाडी ही कंपनीचीच जबाबदारी. खापरी मेट्रो स्टेशनवर किंवा वर्धा रोडच्या चौकात उतरवून देणं म्हणजे दारापर्यंत सोडणं नव्हे. गाडीत लैंगिक छळ झाला तर कंपनीतल्या अंतर्गत समितीकडेही (अशा तक्रारी ऐकणारी समिती) तक्रार करता येते, कारण कामाच्या ठिकाणच्या लैंगिक छळाविरुद्धच्या 2013 च्या कायद्यात कंपनीची गाडीही कामाचं ठिकाणच धरली आहे.

मात्र ऑफर लेटर आधी वाचा. त्यात ‘रोटेशनल शिफ्ट’वर (फिरत्या पाळीवर) तुमची सही असेल तर एचआर तीच संमती म्हणून दाखवतं, म्हणून नकार ईमेलनेच कळवा. आणि घरच्यांची खरी काळजी प्रवासाची असेल तर सरळ नाही म्हणण्याआधी एचआरकडून लेखी घ्या:

- गाडी दारापर्यंत येईल का
- सोबत गार्ड आहे का
- शेवटी उतरणारी एकटी बाई तर नसेल ना

हे कागद घरी दाखवले की बोलणं बरंच सोपं होतं.