स्वस्त राय व्हिस्कीची पारख

प्रश्न : अमेरिकेहून आलेल्या भाच्याने राय व्हिस्कीची एक स्वस्त बाटली आणली. नेहमीप्रमाणे सोडा-बर्फ घालून घेतली, तर ती फार तिखट लागली. माल हलका आहे, की माझ्या जिभेला सवय नाही? – एक वाचक, दादर

उत्तर : तिखटपणा हा राय या धान्याचा स्वभावच आहे. अमेरिकी कायद्यानुसार या व्हिस्कीच्या धान्यमिश्रणात किमान ५१ टक्के राय लागते आणि ती आतून जाळलेल्या नव्या ओकच्या पिंपात मुरवावी लागते. लेबलवर ‘स्ट्रेट’ असेल, तर ती किमान दोन वर्षे मुरलेली आहे असे समजावे.

बर्फाने वास दबतो, म्हणून पारख करताना तो टाळावा. मुंबईच्या उकाड्यात मद्यार्काची वाफ पटकन नाकात भिनते, तेव्हा ग्लासात नाक न खुपसता, तोंड किंचित उघडे ठेवून दुरूनच वास घ्यावा आणि मग चमचाभर पाणी घालून छोटा घोट जिभेवर फिरवावा. मिरी, लवंग, कधी चक्क शेपू आणि मागून व्हॅनिला जाणवला, तर तो तिखटपणा धान्याचा. नुसताच घसा जळून मागे काही उरले नाही, तर तो कच्च्या मद्यार्काचा. नेलपॉलिशसारखा वास मात्र मी स्वस्ताईच्या नावाखालीही माफ करत नाही.

तसा वास नसेल, पण नुसती घेववत नसेल, तर गोड व्हर्मूथ (वनस्पती-मसाल्यांनी सुवासिक केलेली वाइन) आणि वर बिटर्स या कडू अर्काचे दोन थेंब घालून तिचे मॅनहॅटन हे कॉकटेल करावे. त्यात हा तिखटपणा हवाच असतो.