हेडर फाइलींची शिस्त : वाचकांचे प्रश्न

प्रश्न : आमच्या सी भाषेतल्या जुन्या प्रकल्पात इन्क्लूडच्या, म्हणजे हेडर (इतर फाइलींना लागणाऱ्या व्याख्या आणि घोषणांची फाइल) आत घेणाऱ्या, दोन ओळींची अदलाबदल केली, तरी बिल्ड तुटते. योग्य क्रम कोणता?

उत्तर : क्रम बदलल्याने बिल्ड तुटत असेल, तर दोष बहुधा एखाद्या हेडरमध्येच असतो, स्वतःला लागणारी व्याख्या ते आणत नाही, वरच्या ओळीने आणलेल्या व्याख्येवर निभावून नेते. समजा, रांग.एच मध्ये साइझ_टी हा प्रकार वापरला आहे, पण त्याची व्याख्या देणारे एसटीडीडेफ.एच घेतलेले नाही. रांग.सी मध्ये त्याआधी तीच व्याख्या आणणारे एसटीडीआयओ.एच असेल, तर कंपायलर तक्रार करत नाही आणि हीच चूक पुढे दुसऱ्याच कोणाच्या फाइलमध्ये, त्याचा काही दोष नसताना, उघडी पडते. म्हणून प्रत्येक .सी फाइलमध्ये तिचे स्वतःचे हेडर सर्वांत वर लिहावे. त्याखालचा क्रम कसाही ठरवा, फक्त सगळीकडे एकच ठेवा.

प्रश्न : हेडरने दुसरे हेडर घ्यावे का?

उत्तर : बेल लॅब्जमधील प्रोग्रामर रॉब पाइक यांनी १९८९ मध्ये याला स्पष्ट नकार दिला होता, कारण गार्ड (तेच हेडर दुसऱ्यांदा आले तर त्यातला मजकूर वगळायला लावणाऱ्या ओळी) असले तरी तीच फाइल पुन्हा पुन्हा वाचण्यात वेळ जाई. आजचा जीसीसी हा कंपायलर गार्ड ओळखतो आणि ती फाइल पुन्हा उघडतही नाही. त्यामुळे तो नियम मी पाळत नाही. मात्र नुसता पॉइंटर लागत असेल, तर ‘स्ट्रक्ट रांग;’ एवढी घोषणा पुरते. अशी घोषणा लिहिण्याचा कंटाळा करून सरसकट हेडर घेणे किती महागात पडते, हे लिनक्स कर्नलमध्ये दिसले : कर्नलचे विकासक इंगो मोल्नार यांनी जानेवारी २०२२ मध्ये हेडरांचा गुंता सोडवण्यासाठी मांडलेल्या मालिकेत २,२०० हून अधिक कमिट (स्वतंत्रपणे नोंदवलेले बदल) होते.

प्रश्न : गार्ड की प्राग्मा वन्स?

उत्तर : दोन्ही चालतात, प्राग्मा वन्स ही त्याच कामाची एका ओळीची सूचना भाषेच्या अधिकृत मानकात नाही, एवढेच. गार्डचे नाव अंडरस्कोअर आणि मोठ्या अक्षराने सुरू करू नये, कारण तशी नावे भाषेने राखून ठेवलेली आहेत.

प्रश्न : _फाइल_ऑफसेट_बिट्स हा मॅक्रो कुठे लिहावा?

उत्तर : बिल्डच्या फ्लॅग्जमध्ये (कंपायलरला दिल्या जाणाऱ्या पर्यायांत), कोणत्याही फाइलमध्ये नव्हे. ३२ बिटांच्या लिनक्सवर एका फाइलने तो हेडरांच्या आधी ६४ असा दिला आणि दुसरीने दिलाच नाही, तर फाइलमधले स्थान सांगणारा ऑफ_टी हा प्रकार एकीकडे ८ बाइटांचा आणि दुसरीकडे ४ बाइटांचा होऊ शकतो. तो ज्या स्ट्रक्टमध्ये आहे त्याची मांडणी मग दोन फाइलींत वेगळी होते, आणि कंपाइल झालेल्या फाइली जोडणारा लिंकर त्याविषयी चकार शब्द काढत नाही.