वाचक विचारतात: छोट्या इंजिनाच्या वायरिंगला कुठली पिन लावायची?

प्रश्न: नमस्कार सर, माझ्याकडे गवत कापायचं बसून चालवायचं मशीन आहे. त्याच्या इंजिनाच्या रेग्युलेटरचा (बॅटरीचं चार्जिंग आवरणारा भाग) कपलर, म्हणजे वायरींचा प्लास्टिकचा जोड, वितळला म्हणून तसाच दिसणारा कपलर आणि पिना आणून लावल्या, पण थोड्याच दिवसात तोही तपकिरी पडला, वायरचं कव्हर पण कडक झालंय. आता याहून जाड पिन घेऊ का? आणि पिनेचा साइज ओळखायचा कशावरून?

उत्तर: कपलरच्या प्लास्टिकवरून पिन निवडायला जाऊ नका, बहुतेकांचं तिथंच चुकतं. दोन कपलर दिसायला अगदी सारखे असतात आणि आतल्या पिना वेगळ्या असतात. मोजायचं ते रेग्युलेटरच्या अंगावरचं पातं, म्हणजे बाहेर आलेली चपटी पट्टी जिच्यावर पिन चढते, कारण ते तुम्हाला बदलता येत नाही, बाकी सगळं त्याच्याशी जुळवायचं. व्हर्निअर लावा आणि रुंदी घ्या. पात्याच्या पिनेत ती बहुतेक २.८, ४.८ नाहीतर ६.३ मिमी निघते, इंचाच्या हिशोबात यांनाच ११०, १८७ आणि २५० म्हणतात, म्हणजे इंचाचे हजारावे भाग. मेट्री-पॅक जातीच्या (गाड्यांच्या वायरिंगमधल्या एका प्रकारच्या) पिना असतील तर त्यांचा नंबर मिमीच्या शंभराव्या भागात असतो, १५० म्हणजे १.५ मिमी, २८० म्हणजे २.८, ६३० म्हणजे ६.३.

आता जाडीही मोजा, ही गोष्ट फार कमी लोक करतात. ६.३ चं पातं साधारण ०.८ मिमी जाड असतं, पण ४.८ आणि २.८ मध्ये ०.५ आणि ०.८ अशा दोन्ही जाड्या येतात. ०.८ साठी बनवलेली फीमेल पिन ०.५ च्या पात्यावर आरामात सरकते, बसल्यासारखी वाटते, कपलरचा लॉकपण टक्क करून लागतो, पण आत पातं नुसतं टेकलेलं असतं, पकड नसतेच. इंजिनाच्या थरथरीत ते हलत राहतं, कॉन्टॅक्टवर ऑक्साइडचा थर चढतो, आणि मग तापायला सुरुवात होते. किती तापतं ते बघा, समजा चार्जिंगचा करंट १५ अँपिअर आहे आणि जोडाचा रेझिस्टन्स फक्त ०.१ ओहम, तर तिथं २२.५ वॉट उष्णता तयार होते, म्हणजे एक लहान सोल्डरिंग आयर्न कपलरच्या आत चालू ठेवल्यासारखंच झालं. प्लास्टिक वितळणारच.

म्हणून जाड पिनेचा विचार सोडून द्या, पातं तेवढंच राहणार असल्याने मोठी पिन उलट लूज बसेल. तुमच्या केसमध्ये मला तीन गोष्टींचा संशय येतो. एक म्हणजे पातंच काळं पडून त्याला खड्डे पडलेत का ते बघा, तसं असेल तर नवी पिन कितीही चांगली आणली तरी ती खराब पात्यालाच टेकणार, मग रेग्युलेटर बदलणंच बरं. दुसरं, कडक झालेली वायर मागं कापत जा, जोपर्यंत लखलखीत तांबं दिसत नाही तोपर्यंत कापा आणि कमी पडली तर त्याच जाडीचा तुकडा जोडा, काळ्या तांब्यावर केलेलं क्रिम्पिंग (पिनेचे कान वायरवर दाबून बसवणं) पहिल्या दिवसापासून तापतं. तिसरं, बॅटरी तपासून घ्या, आतला एखादा सेल शॉर्ट झाला असेल तर ती कधीच पूर्ण चार्ज होत नाही आणि रेग्युलेटर सतत भरपूर करंट देत राहतो. जाताजाता रेग्युलेटर जिथं बोल्टने बसतो ती जागा पण घासून घ्या, बऱ्याच इंजिनांत त्याचं अर्थिंग त्याच्या बॉडीतूनच होतं आणि तिथं गंज किंवा रंग असला की चार्जिंग बिघडतं.

पिना काढायच्या आधी फोटो मात्र काढा. तीन पात्यांच्या रेग्युलेटरवर बहुतेक वेळा बाजूची दोन एसीची (इंजिनाकडून येणारा अल्टरनेटिंग करंट) असतात आणि मधलं बॅटरीचं, पण अंदाजावर जाऊ नका, रेग्युलेटरवर लिहिलेलं वाचा.

प्रश्न: क्रिम्प करून वर सोल्डर पण मारलं तर जास्त मजबूत होईल ना?

उत्तर: इंजिनावर नको. सोल्डर तारांमधून वर चढतं आणि जिथं ते संपतं तिथं वायर एकदम कडक-मऊ अशी दोन भागांत विभागली जाते, थरथरीने नेमकी तिथंच तुटते, आणि कव्हरच्या आत तुटल्याने बाहेरून काही कळतपण नाही. त्याहून वाईट म्हणजे आधी तारांना सोल्डर लावून मग क्रिम्प करणं, सोल्डर मऊ असतं, दाबाखाली हळूहळू सरकतं आणि क्रिम्प सैल पडतो.

मजबुती पाहिजे असेल तर क्रिम्पच नीट करा. उघड्या कानांच्या पिनेला कानांच्या दोन जोड्या असतात, पुढची जोडी तांब्याला धरते आणि मागची कव्हरला. दोन जोड्यांच्या मधल्या फटीत कव्हरची कड आणि तांबं दोन्ही दिसलं पाहिजे, आणि पुढच्या बाजूला तारांची टोकं जेमतेम एक मिमीभर बाहेर यावीत. साध्या पक्कडीने पिन चेपू नका, तिनं कान नुसते आडवे होतात, योग्य टूल कान आत वळवून तारांमध्ये रुतवतं. टूल एकदाच विकत घ्यायचं असतं, इथं पैसे वाचवू नका असं मी मनापासून सांगतो. झाल्यावर वायर हाताने चांगली ओढून बघा, सुटणारी असेल तर ती आत्ताच सुटू दे. आणि वॉटरप्रूफ कपलर असेल तर वायरवरचं रबरी सील क्रिम्प करायच्या आधी चढवायचं, मागचे कान त्या सीललाच धरतात.

प्रश्न: लाल, निळ्या, पिवळ्या स्लीव्हवाल्या तयार पिना मिळतात त्या चालतील का? रंगाचा अर्थ काय?

उत्तर: रंग वायरच्या जाडीचा आहे, पात्याच्या रुंदीचा नाही, हे आधी डोक्यात पक्कं करा. लाल साधारण ०.५ ते १.५ चौरस मिमी, निळा १.५ ते २.५, पिवळा ४ ते ६. लाल पिन ६.३ मध्येपण मिळते आणि २.८ मध्येपण. चावीचा स्विच, हेडलाइट, सीटखालचा स्विच अशा कोरड्या, कमी तापणाऱ्या जागी चालतील. इंजिनाच्या अंगावर आणि मशीनच्या पोटाखाली जिथं पाणी, ओलं गवत जातं तिथं मी त्या लावणार नाही, मागून स्लीव्ह उघडी असते आणि ओल आत जाऊन तांबं हिरवं पडतं. तिथं सील असलेला कपलर घ्या, नाहीतर निदान आतून गोंद असलेली हीटश्रिंक (तापवल्यावर आवळणारी) स्लीव्ह चढवा.

प्रश्न: इग्निशन कॉइलकडे जाणारी एकच बारीक वायर आहे, तिची पिन तुटली. करंट कमीच असणार, मग कुठलीही पिन चालेल ना?

उत्तर: करंट कमी आहे म्हणून पिन लहान चालेल हे बरोबर, पण कुठलीही चालेल असं अजिबात नाही. मॅग्नेटो इग्निशनमध्ये (फिरत्या चुंबकाने ठिणगी तयार होते ती पद्धत) ही किल वायर असते, म्हणजे ती बॉडीला टेकली की ठिणगी बंद होते आणि इंजिन बंद पडतं. आता विचार करा, ही पिन निसटली तर इंजिन चालूच राहणार, चावी बंद करून पण आणि सीटवरून उठून पण, खाली गवत कापायचं पातं फिरत असताना. आणि पिन उघडी राहून बॉडीला लागली तर इंजिन चालूच होणार नाही, मग लोक कार्ब्युरेटर खोलत बसतात. त्यामुळे इथं पूर्ण झाकलेली आणि घट्ट बसणारी पिनच पाहिजे, आणि वायरला जवळच एक क्लिप मारा म्हणजे ओढ पिनेवर येणार नाही. या वायरला बॅटरीचे १२ व्होल्ट चुकून सुद्धा देऊ नका, कॉइलचं मॉड्यूल जळू शकतं. कपलरमध्ये शेजारी बॅटरीची वायर असेल तर एकेक पिन काढून एकेकच बदला.

प्रश्न: जुनी पिन साफ करून परत घातली तर ती मागून बाहेर येते, लॉक होत नाही. कपलर खराब झाला का?

उत्तर: बहुतेक नाही. पिनेच्या पाठीवर एक छोटी जीभ असते, तीच प्लास्टिकमध्ये अडकते. पिन काढताना टूलने ती दाबली जाते आणि चपटीच राहते. बारीक स्क्रूड्रायव्हरने हलकेच बाहेर उचला, पिन घाला, टक्क आवाज आला की वायर थोडी मागं ओढून बघा. जीभ दोन-चार वेळा वाकवली की तुटते, तेव्हा नवीनच पिन घ्या. जुनी पिन एकदा तापून निळसर-काळी झाली असेल तर साफ करूनही उपयोग नाही, तिची स्प्रिंग गेलेली असते. नवीन लावल्यावर मल्टीमीटर डीसी व्होल्टवर ठेवून बॅटरीच्या वायरीवर जोडाच्या दोन्ही बाजूंना लावा, इंजिन चालू आणि हेडलाइट लावलेले असताना. ०.१ व्होल्टच्या आसपास किंवा कमी आलं तर जोड चांगला, अर्धा व्होल्ट दाखवत असेल तर परत खोला.